होडीवरची लिथियम बॅटरी: घरी बांधताना आणि सांभाळताना

पंचगंगेच्या पात्रात किंवा रीतसर परवानगी घेऊन एखाद्या जलाशयात विजेवर चालणारी छोटी होडी घालणाऱ्यांना, तसेच गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून आपली फायबरची होडी देवगड-मालवणकडे नेणाऱ्या कोल्हापूरकरांना शिशाच्या बॅटरीचे ओझे नकोसे झाले असेल, तर त्यात नवल नाही. घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोंच्या पुढे भरते, तिच्यातली साधारण निम्मीच वीज निर्धास्तपणे वापरता येते आणि होडी जोरात कलली तर आतले आम्ल बाहेर येते. तेवढीच वापरण्याजोगी वीज देणारे १०५ अँपिअर-तासांचे चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल मिळून सुमारे ८ किलो भरतात. पेटी, पट्ट्या आणि तारा धरून हे प्रकरण १२ किलोंच्या आसपास जाते, म्हणजे एका माणसाला सहज उचलता येते.

सेल कारखान्यातून तयार येतात. आपण बांधतो ते जोड, तारा, फ्यूज, पेटी आणि वापराची शिस्त, आणि घरी बांधलेल्या बॅटऱ्या अंगाशी येतात त्या बहुतेक वेळा यांपैकीच कशात तरी हयगय झाल्यामुळे. म्हणून पुढील विवेचनात सेलांच्या ब्रँडपेक्षा जोडांना जास्त जागा दिली आहे. पाण्यावरची आणखी एक अडचण जमिनीवर नसते. घरातली बॅटरी अचानक बंद पडली तर पंखा थांबतो, पण भर पात्रात ती बंद पडली तर होडी प्रवाहाच्या हवाली होते. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, हे सेलांवर नजर ठेवून मर्यादा ओलांडली की बॅटरीची वीज तोडणारे सर्किट. तो शेवटचा पहारेकरी समजावा. त्याच्यावर बॅटरी तोडण्याची पाळी येऊच नये, अशी सगळी रचना असली पाहिजे.

सेल कोणते घ्यावेत

लिथियम हे एकच नाव असले तरी त्याखाली बरीच रसायने येतात. जुन्या ई-स्कूटरच्या पॅकमधून काढलेले किंवा लॅपटॉपच्या बॅटरीतले दंडगोलाकार सेल स्वस्तात मिळतात, परंतु त्यांत बहुधा निकेल-मँगनीज-कोबाल्टचे रसायन असते आणि ते तापून भडकले की आतूनच ऑक्सिजन सुटत असल्यामुळे आग विझवणे फार कठीण जाते. होडीवर पळायला जागा नसते, त्यामुळे असले सेल होडीसाठी विचारातच घेऊ नयेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचा धनाग्र म्हणून उपयोग १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने मांडला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे होते. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. तरीही हा सेल पूर्ण निर्धोक नव्हे, कारण फार तापल्यास त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. सुरक्षिततेची जाहिरात वाचून हा सेल निष्काळजीपणे हाताळणारे लोक पाहिले की काळजी वाटते.

या सेलचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट, वरची मर्यादा ३.६५ आणि खालची २.५ व्होल्ट असते. चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते आणि ती १२ व्होल्टच्या मोटारी, दिवे व पंप यांना चालते.

किती मोठी बॅटरी लागेल, याचा हिशेब आधी कागदावर करावा. पूर्ण वेगाला ५० अँपिअर ओढणारी छोटी ट्रोलिंग मोटार (होडीला लावायची विजेची छोटी मोटार) असेल, तर १०५ अँपिअर-तासांपैकी ८० टक्के, म्हणजे ८४ अँपिअर-तास वापरायचे धरून ती सुमारे १ तास ४० मिनिटे चालेल. हीच मोटार १५ अँपिअरवर चालवली तर साडेपाच तासांहून अधिक वेळ मिळतो, आणि वेग मात्र त्या प्रमाणात घटत नाही, कारण पाण्यात लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दुप्पट मोठी बॅटरी घेण्याआधी वेग थोडा कमी करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

सेल हाती आल्यावर प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि त्याचा दाब वहीत नोंदवावा. नवे सेल साधारण ३.२९ ते ३.३१ व्होल्टच्या दरम्यान येतात. एखादा त्याहून बराच खाली असेल, फुगलेला असेल किंवा त्याच्या टोकांवर पूर्वी नट आवळल्याचे ओरखडे दिसत असतील, तर तो तेव्हाच परत करावा. शक्य असल्यास चार तारांच्या मीटरने अंतर्गत रोध मोजावा, आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील हे पाहावे. चारांत एक कमजोर निघाला, तर सगळी बॅटरी त्या एकाच्या क्षमतेइतकीच उरते.

सेल एका पातळीवर आणणे

मालिकेत जोडण्यापूर्वी चारही सेल वरच्या टोकाला सारखे भरलेले असले पाहिजेत. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे अनेक जण ती गाळतात, आणि मग चार्जिंग पूर्ण होत आले की एकच सेल ३.६५ ला पोहोचतो, बीएमएस वीज तोडतो आणि बाकीचे तीन अर्धपोटी राहतात. चारही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टच्या नियंत्रित वीजपुरवठ्यावर लावणे ही सरळ पद्धत आहे, पण तिला लागणारा वेळ आधी मोजावा. चार सेल मिळून ४२० अँपिअर-तास होतात, ते ४० टक्के भरलेले आले असतील तर सुमारे २५० अँपिअर-तास भरायचे उरतात, आणि १० अँपिअरच्या पुरवठ्याला त्यासाठी पंचवीस तास लागतात. म्हणून आधी बीएमएससह मालिकेत जोडून चार्जरने पहिला सेल ३.५५ व्होल्टला येईपर्यंत भरावे, नंतर मालिका सोडून चारही समांतर करावेत आणि शेवटचा थोडा भाग वीजपुरवठ्याने पूर्ण करावा. प्रवाह जवळजवळ शून्यावर आला की काम झाले.

येथे एक धोका आहे. पुरवठ्याचा दाब तारा मोकळ्या असतानाच ३.६५ वर लावावा आणि नंतर त्या बटणाला हात लावू नये. पातळ तारांमुळे प्रवाह कमी येतो आहे असे वाटून बरेच जण दाब ४ किंवा ५ व्होल्टवर नेतात. मग तो तसाच राहतो आणि सकाळी सेल फुगलेले सापडतात. घाई असेल तर तारा जाड व आखूड कराव्यात.

जोड

घोडे पेंड खाते ते इथेच. या सेलची टोके ॲल्युमिनियमची असतात, आणि ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहणारा थर धरतो. बसबार, म्हणजे सेल एकमेकांना जोडणारी पट्टी, लावण्याच्या अगदी आधी टोकाचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, जोडासाठी मिळणारे ऑक्साइडरोधक ग्रीस नखाएवढे लावून पसरावे आणि लगेच पट्टी बसवावी. घासून ठेवून चहा घेऊन येऊ नये.

पट्ट्यांसाठी २० मिमी रुंद आणि २ मिमी जाड तांब्याची पट्टी १०० अँपिअरपर्यंत पुरेशी आहे. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात अशा पट्ट्या कापून, भोके पाडून घेणे अवघड नाही. भोकाची कड घासून सपाट केलेली असावी, कारण तिथे राहिलेला बारीकसा काटा पट्टीला टोकावर पूर्ण टेकू देत नाही. नुसते तांबे ॲल्युमिनियमवर दमट हवेत ठेवले की दोन धातूंमध्ये गंज धरतो, म्हणून पट्टीवर निकेलचा किंवा कथिलाचा मुलामा प्लेटिंगवाल्याकडून करून घ्यावा. भांड्यांना कल्हई करणाऱ्याकडून तो करून घेण्याचा मोह टाळावा. कल्हई सुंदर दिसली तरी तिचा थर हाताने पुसून बसवलेला असल्याने सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, आणि जोडाला चकाकीपेक्षा सपाटपणा लागतो. दोन सेलांमधल्या पट्टीला मध्ये थोडा उंचवटा दिलेला असावा किंवा ती पदरापदरांची लवचीक असावी, म्हणजे सेल किंचित फुगले-आकसले आणि होडी आदळली तरी ताण टोकांवर येत नाही.

नट टॉर्क पान्यानेच आवळावेत, आणि किती आवळावेत ते सेलच्या माहितीपत्रकात पाहावे. ॲल्युमिनियमचे आटे लोखंडाच्या अंदाजाने आवळले की हातात येतात. पान्याचा दांडा हीट श्रिंक नळी चढवून किंवा इन्सुलेशन टेप गुंडाळून झाकावा. हातातले चांदीचे कडे, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी हे सारे काढून ठेवावे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे आहे, परंतु कडे दोन टोकांमध्ये अडकले तर ते मनगटावरच लाल होईल.

सगळे जोड झाल्यावर त्यांची परीक्षा घ्यावी. बॅटरीतून ५० अँपिअर वाहत असताना मल्टीमीटर मिलिव्होल्टवर लावून एक सुई सेलच्या टोकावर आणि दुसरी पट्टीवर धरावी. जोड ०.१ मिलिओहमचा असेल तर ५ मिलिव्होल्ट दिसतील. आठही जोडांचे आकडे वहीत लिहावेत. सात जागी ३ ते ५ दिसत असताना एकाच जागी १५ दिसले, तर तो जोड उघडून पुन्हा साफ करावा. बॅटरी किती चांगली बांधली आहे हे सांगणारी याहून स्वस्त चाचणी नाही, आणि दर वर्षी हीच मोजणी पुन्हा केली की कोणता जोड ढिला पडू लागला आहे हे तो तापण्याआधी कळते.

सेलांच्या मध्ये हायलम किंवा ग्लास-इपॉक्सीची पातळ, वीज न वाहणारी शीट घालणे विसरू नये. सेलचे बाहेरचे कवच धातूचे असून त्यावर केवळ पातळ निळे प्लास्टिक असते. ट्रेलरवरच्या आणि पाण्यातल्या हादऱ्यांनी ते घासून फाटले, तर शेजारशेजारच्या दोन कवचांमध्ये शॉर्ट होऊ शकतो. दोन्ही टोकांना जाड शीट लावून सेल पट्ट्याने नीट बसते करावेत, मात्र चिरडतील इतके आवळू नयेत.

फ्यूज, तारा आणि बीएमएस

शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर ठिणग्या उडतात, पण लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की तारा-जोड धरून चार मिलिओहम मानला तरी १३ व्होल्टला ३,००० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहील. मोटारगाडीतल्या पात्याच्या फ्यूजची तोडण्याची क्षमता साधारण १,००० अँपिअरची असते. तो वितळेल, परंतु विजेची ज्योत (आर्क) टिकून वीज वाहतच राहील. म्हणून असा मोठा प्रवाह तोडू शकणारा क्लास टी फ्यूज किंवा ज्यावर डीसी दाब स्पष्ट छापलेला आहे असा एचआरसी फ्यूज वापरावा. फक्त एसीचा आकडा छापलेला फ्यूज दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी घेऊ नये. अमेरिकेतील बोटींच्या विद्युत मानकात फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ७ इंचांच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि हा नियम आपणही पाळावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेच संरक्षण नसते. लिथियम बॅटऱ्यांसाठी तेथील ई-१३ हे मानक २०२२ मध्ये आले, तर छोट्या बोटींसाठी आयएसओ/टीएस २३६२५ हा तांत्रिक दस्तऐवज २०२१ चा आहे. घरी बांधणाऱ्याला ते बंधनकारक नसले तरी त्यांतली दिशा उपयोगी पडते.

मोटार बॅटरीपासून ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार ६ मीटर होते. १६ चौरस मिमीच्या तारेत ५० अँपिअरला सुमारे एक तृतीयांश व्होल्ट गळतो, २५ चौरस मिमीच्या तारेत पाव व्होल्टच्याही खाली. २५ चीच घ्यावी, शक्यतो कथिल चढवलेल्या तंतूंची, आणि तिला ८० अँपिअरचा फ्यूज द्यावा. लग, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या, हायड्रॉलिक पान्याने दाबून घ्यावेत. नुसता डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला लग हादऱ्यांनी डागाच्या कडेलाच तुटतो.

५० अँपिअरच्या मोटारीला १०० अँपिअरचा बीएमएस घ्यावा. तो नेहमी निम्म्या भारावर चालला की कमी तापतो. बीएमएसच्या बारीक तारा सेलांना जोडून झाल्या की त्यांचा सॉकेट लगेच आत खुपसू नये. आधी ऋण तारेपासून एकेक पिन मल्टीमीटरने मोजावी, आणि ३.३, ६.६, ९.९, १३.२ असा चढता क्रम दिसला तरच सॉकेट लावावा. या तारा उलटसुलट लागून कित्येक बीएमएस पहिल्या मिनिटात जळतात. सेल तापमानाचा सेन्सर मधल्या दोन सेलांच्या फटीत बसवावा.

पेटी उंचावर, होडीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून दूर आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असावी. होडी उलटली तरी बॅटरी जागची हलता कामा नये. पेटीला वायू निघून जाण्यासाठी वाट हवी. झोपण्याच्या जागेखाली ती कधीही ठेवू नये.

चार्जिंग आणि रोजची वापरपद्धत

चार्जर किंवा सोलर कंट्रोलर १४.० ते १४.२ व्होल्टवर लावावा. १४.६ पर्यंत नेण्याने क्षमतेत नगण्य भर पडते आणि बीएमएसने वीज तोडण्याची शक्यता मात्र वाढते. घरच्या इन्व्हर्टरचा किंवा शिशाच्या बॅटरीचा चार्जर वापरू नये, कारण त्यात अधूनमधून दाब वाढवण्याची सोय असते आणि ती लिथियमला घातक आहे. डिझेल इंजिनाची होडी असल्यास अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नये. ही बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, त्यामुळे अल्टरनेटर तापतो, आणि मध्येच बीएमएसने वीज तोडली तर दाब उसळून त्याचे डायोड उडतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर घालावा. इंजिन सुरू करणारी बॅटरी शिशाचीच ठेवावी, आणि तळाचे पाणी उपसणारा पंप व दिवे तिच्यावरच चालवावेत. लिथियमची बाजू काहीही कारणाने बंद पडली तरी होडी बुडू नये आणि अंधारात राहू नये, एवढी तजवीज असलीच पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजू उन्हाची आहे. थंडीत शून्याखाली हे सेल चार्ज करू नयेत असे सर्वत्र लिहिलेले असते, आणि कोल्हापुरात त्याची चिंता नाही. एप्रिल-मे महिन्यात ताडपत्रीखाली उभी असलेली होडी मात्र बाहेरच्या तापमानापेक्षा बरीच तापते. सेल ४५ अंशांच्या पुढे गेले असतील तर चार्जिंग संध्याकाळपर्यंत थांबवावे. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात ठेवून देणे हा तिचे आयुष्य घटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

बॅटरीत किती वीज उरली हे व्होल्टमीटरवरून कळत नाही. या सेलचा दाब मधल्या मोठ्या भागात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे १३.२ व्होल्ट दिसत असताना ती अर्धी भरलेली असेल किंवा पाऊण. ऋण तारेत शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) बसवून अँपिअर-तास मोजणारा मीटर लावावा. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून तो १०० टक्क्यांवर आणावा, नाहीतर लहान चुका साचत जातात. पात्रात जाताना एक तृतीयांश वीज जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेली वाऱ्यासाठी, प्रवाहासाठी हातची राखावी. ३० टक्क्यांवर गजर लावावा आणि तो वाजला की काठ गाठावा. बीएमएसची खालची मर्यादा कधी येते हे पाण्यावर आजमावायचे नसते. ती चाचणी घरी, ज्ञात भार लावून, एकदाच करून नोंदवून ठेवावी.

पावसाळ्यातली साठवण

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि नदी-जलाशयांतही पावसाळ्यात होडी घालण्यात अर्थ नसतो, म्हणून वर्षातले चार महिने ही बॅटरी पडून राहते. ती ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि मुख्य स्विचच नव्हे, बीएमएससुद्धा सुटा करावा. बीएमएस स्वतः ३० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.७२ आणि १२० दिवसांत ८६ अँपिअर-तास खातो. अर्ध्या भरलेल्या १०५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत असतात जेमतेम ५२. ऑगस्टमध्येच ती पूर्ण रिकामी होईल, आणि २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलेला सेल पुन्हा भरवशाचा होत नाही.

बॅटरी तळमजल्यावर ठेवू नये. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना सुतारवाडा किंवा कुंभार गल्लीबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागली की घरातली माणसे आणि जनावरे हलवायची असतात, बॅटरीकडे कोण बघणार? ती जूनच्या पहिल्या आठवड्यातच वरच्या मजल्यावर, कोरड्या जागी, लाकडी फळीवर ठेवावी.

पाऊस ओसरल्यावर बॅटरी परत बसवण्यापूर्वी चारही सेलांचा दाब जुन्या नोंदींशी ताडून पाहावा, नट टॉर्क पान्याने तपासावेत आणि ५० अँपिअरवर मिलिव्होल्टची मोजणी पुन्हा करावी. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी वरून कोरडी व ठणठणीत दिसली तरी चार्जरला लावू नये. ती मोकळ्या हवेत, घरापासून दूर ठेवावी. अशी बॅटरी, तसेच फुगलेला किंवा बाद झालेला कोणताही सेल भंगारवाल्याला न देता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा, आणि देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांवर स्वतंत्रपणे इन्सुलेशन टेप चिकटवावी.